लाकूड वाजलंच नाही

जगातल्या आजवरच्या दहा श्रेष्ठ हेवीवेट बॉक्सरांची यादी क्लबच्या ऑफिसात दर रविवारी नव्याने व्हायची, आणि ती करणाऱ्यांपैकी एकानेही उभ्या जन्मात नाकावर ठोसा खाल्लेला नव्हता. खुर्च्या ओढायच्या, चहा मागवायचा आणि ऐंशी वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोन माणसांची झुंज लावून द्यायची. एक केव्हाच मातीत गेलेला, दुसरा नातवाच्या हाताने जेवणारा. पण नाही, हा त्याला तिसऱ्या फेरीत लोळवणार म्हणजे लोळवणार! उचलली जीभ लावली टाळ्याला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पेंटर हे सगळं ऐकायचा आणि त्याला शिसारी यायची.

शिसारी त्याला तशी पुष्कळ गोष्टींची यायची. क्लबातल्या ओल्या ग्लोव्हजच्या वासाची यायची. एकाच मगात बुडवून ठेवलेल्या चार जणांच्या दातपट्ट्यांची यायची. सगळ्यात जास्त यायची ती फ्लेक्सच्या बोर्डांची. जन्मभर ब्रश धरलेला माणूस तो. दुकानाची नावं, डॉक्टरांच्या पदव्या, 'फाटकासमोर गाडी लावू नये', असं काय काय त्याने अर्ध्या शहराच्या भिंतींवर लिहून ठेवलं होतं. आता जागा उरली की मशीनवाले अक्षर रबरासारखं ताणतात आणि वर त्याला डिझाइन म्हणतात. "तुम्हाला आईच्या पोटातून नाक मुरडूनच काढलं असणार," असं त्याची बायको म्हणायची, आणि त्यात फार खोटं नव्हतं.

पण यादीची शिसारी वेगळी होती. बाकीच्या गोष्टींना नाक मुरडून तो मोकळा व्हायचा. यादी मात्र घरापर्यंत त्याच्या मागे यायची. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते हेच.

कारण पेंटर नुसता पेंटर नव्हता. लढतींच्या दिवशी तो क्लबचा टायमर होता, तोही चाळीस वर्षं. टायमर म्हणजे रिंगणाला खेटून ठेवलेल्या टेबलामागे बसणारा माणूस. टेबलावर पितळी घंटा, तिच्यापासून चार बोटांवर स्क्रूने घट्ट बसवलेली जाड लाकडी फळी, आणि दोन्हींसाठी मिळून हातात एकच हातोडी. फेरी तीन मिनिटांची. संपायला दहा सेकंद उरले की फळीवर तीन ठोके द्यायचे. दहा पूर्ण झाले की घंटेवर टोला. फळीवरच्या ठोक्यांना क्लबात सगळे नुसतं 'लाकूड' म्हणत. लाकूड वाजलं की मार खाणारा जीव मुठीत धरून तग धरतो, आणि मारणारा उरलंसुरलं सगळं बाहेर काढतो. क्लबातली पोरं त्याला घंटेकाका म्हणायची आणि त्या नावातल्या दुसऱ्या अर्थावर तोंड फिरवून हसायची. त्याचीही त्याला शिसारी होतीच.

टायमरला पहिल्या दिवशी एक नियम सांगतात. लढत बघायची नाही. घड्याळ बघायचं. पेंटरने हा नियम चाळीस वर्षांत एकदाच मोडला.

त्याला आता एकतीस वर्षं झाली. हेवीवेटची फायनल होती. एका बाजूला पहाड. सहा फूट तीन इंच, नावाला जागणारा गडी. दुसऱ्या बाजूला डावऱ्या, हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला असलेला, डावखुरा, अंगाने पहाडाच्या पाऊणपट. पैजा सगळ्या पहाडावर. आणि सहाव्या फेरीत या लाँड्रीवाल्याने पहाडाला दोरांवर असा काही रेलवला की अख्खी गर्दी खुर्च्यांवर चढली. पहाडाचे डोळे फिरले होते. एक ठोसा, फार तर दोन, की खेळ खलास. पेंटर खुर्चीतून अर्धवट उठला होता. घड्याळ त्याच्या डाव्या हातात होतं, काटा दोन मिनिटं पन्नास सेकंदांवर आला तेही त्याला दिसलं, उजवा हात सवयीने उठला आणि हातोडी खाली आली. फक्त डोळे रिंगणात होते. हातोडी लाकडावर पडलीच नाही. घंटेवर पडली.

टण्.

पहाडाने हात खाली सोडले. डावऱ्या लाकडाची वाट बघत होता, घंटा त्याच्या ध्यानीमनीही नव्हती. निघालेला डावा पोचला, त्याच्यामागून उजवाही पोचला. पहाड आडवा झाला तो स्ट्रेचरवरूनच बाहेर गेला. घंटेनंतर मारलं म्हणून डावऱ्याला तिथल्या तिथे बाद केलं, आणि फायनल शुद्धीवर नसलेल्या पहाडाने जिंकली.

डावऱ्या ग्लोव्हज घातलेले दोन्ही हात जोडून मुख्य पंचांसमोर उभा राहिला. "साहेब, लाकूड वाजलंच नाही हो! लाकूड वाजल्याशिवाय घंटा कशी होईल?"

त्या कल्लोळात लाकूड वाजलं की नाही, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. मुख्य पंच टेबलाशी आले. "काय हो, वेळ बरोबर झाली ना?"

घड्याळ अजून पेंटरच्या मुठीत होतं. घंटेबरोबर बंद केलेलं. काटा तीन मिनिटांच्या नऊ सेकंद अलीकडे. मूठ उघडून दाखवायची, एवढंच काम होतं. पेंटरने अंगठा दाबला. काटा शून्यावर गेला.

"हो," तो म्हणाला.

हाताची ती चूक होती. अंगठ्याची नव्हती.

डावऱ्यावर बंदी घातली ती एकाच वर्षाची, पण तो पुन्हा रिंगणात आलाच नाही. पहाड पुढे देशात पहिला आला, त्याचे फोटो लागले. आणि डावऱ्याचं ते वाक्य गावाने उचललं. लोकांना काय, हसायला निमित्त हवं. कुणी परीक्षेत नापास झाला, की "का रे, लाकूड वाजलं नाही वाटतं?" कुणाची बस चुकली, लाकूड वाजलं नाही. कुणाचं लग्न मोडलं, तरी लाकूडच वाजलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण जणू त्या शहरात जुनी झाली आणि तिच्या जागी ही नवी आली. ज्यांना बॉक्सिंग कशाशी खातात हे ठाऊक नाही तेही बोलायचे, डावऱ्या कोण हे ठाऊक नसलेलेही. पेंटरच्या बायकोच्याही तोंडात ती बसली होती. दूध उतू गेलं की ती गॅस बंद करता करता म्हणायची, "लाकूड वाजलंच नाही बाई!" आणि पेंटर ताटावरून उठून हात धुवायला जायचा. तिला वाटायचं, याला उतू गेलेल्या दुधाचा वास सहन होत नाही.

क्लबला पन्नास वर्षं झाली तेव्हा सेक्रेटरीच्या डोक्यात आलं की जगाच्या याद्या पुष्कळ झाल्या, आता आपल्या शहराचे आजवरचे दहा श्रेष्ठ हेवीवेट निवडायचे आणि त्यांचा बोर्ड हॉलमध्ये लावायचा. सेक्रेटरीचं बाथरूमच्या फरश्यांचं दुकान होतं. माणसंही तो फरश्यांसारखीच निवडायचा, मापं घेऊन. त्याने तक्ता केला. उंची दहा गुण, जिंकलेल्या लढती दहा, ठोशाची ताकद दहा, आचरण दहा. ठोशाची ताकद त्याने कशी मोजली ते त्यालाच माहीत, कारण तक्त्यातले तिघे सेक्रेटरी जन्मायच्या आधीच निवृत्त झाले होते. समितीत पाच जण. पहाड स्वतः अध्यक्ष. म्हणजे पहिला नंबर कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

बोर्ड रंगवायचा म्हणून पेंटरला बैठकीला बोलावलं. अक्षरं किती इंची, नावं किती लांब, हे बघायला. तक्ता टेबलावर पसरलेला होता. वाचता वाचता पेंटरचं बोट एका ओळीवर थांबलं. डावऱ्याचं नाव होतं आणि त्यावर लाल रेघ मारलेली होती.

"हा का खोडला?" पेंटरने विचारलं.

"आचरण शून्य," सेक्रेटरी म्हणाला. "बाकी गुण बरे आहेत हो, सातव्या नंबरावर बसला असता. पण घंटेनंतर मारणारा माणूस आपण बोर्डावर कसा घेणार? पोरांपुढे काय आदर्श?"

"आदर्श!" पेंटर म्हणाला. त्याच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. समोर बशीत कुणीतरी बिस्कीट बुडवलेला चहा सांडून ठेवला होता, त्यावर माशी बसली होती. पहाड खुर्चीत मावत नव्हता. त्याची मान कॉलरवर ओघळली होती. सेक्रेटरी पेनाच्या टोपणाने कान कोरत होता. हे न्याय करायला बसलेले! आणि मग पेंटरला तो सहावा माणूसही दिसला, जो या पाच जणांपेक्षा वेगळा नव्हता, ज्याने एकतीस वर्षं मूग गिळले होते आणि आता नाक वर करून बसला होता. त्याची त्याला सगळ्यांत जास्त किळस आली.

"त्या दिवशी," पेंटर म्हणाला, "लाकूड वाजलंच नव्हतं."

मग सेक्रेटरी जो फुटला! टेबलावर थाप मारून हसला. बाकीचे तिघेही सुरू झाले. एकाला ठसका लागला, दुसऱ्याने त्याच्या पाठीत धपाटे घातले. "घंटेकाका, अहो तुम्ही पण!" सेक्रेटरी डोळे पुसत म्हणाला. "एवढी वर्षं तोंडातून विनोद निघाला नाही, आणि निघाला तो हा!"

"विनोद नाही. मी खरं सांगतोय. मी घंटा आधी मारली. दहा सेकंद आधी. चुकून."

"आणि लाकूड वाजलंच नाही!" ठसका लागलेला ओरडला, आणि पुन्हा सगळे पोट धरून हसले.

त्याने आणखी दोनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. खरं सांगायला तेवढंच एक वाक्य होतं, आणि गावाने त्याची केव्हाच थट्टा करून टाकली होती. आपल्याच पापाला असं खमंग झाकण मिळालेलं पाहून दुसरा एखादा खूश झाला असता. पेंटर उठला.

एकच माणूस हसला नव्हता. पहाड. तो आपल्या कपात बघत बसला होता. जिन्यात तो धापा टाकत पेंटरच्या मागे आला.

"काका, ऐका ना."

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मी तर झोपलो होतो." पहाडाने कठड्याला धरलं. "पण घरी आल्यावर आमचे वडील म्हणाले होते, फेरी लवकर संपली रे आज. त्यांच्या हातात घड्याळ होतं. मी म्हटलं, गप्प बसा." तो थोडा वेळ दम खात राहिला. "जाऊ द्या काका. आता नातवंडं पहिला नंबर, पहिला नंबर करत नाचतायत. त्यांना काय सांगू?"

"मला विचारू नकोस," पेंटर म्हणाला. "आणि बोर्ड मी रंगवणार नाही."

नाही तर नाही. क्लबाचं काय अडलं? सेक्रेटरीने फ्लेक्स करून आणला. रविवारी तो हॉलमध्ये लागला. पहाडाचा फोटो मोठा, बाकी नऊ त्याच्या पायाशी चिकटवल्यासारखे. 'श्रेष्ठ'मधला श्रे कापला गेला होता आणि ष्ठ ताणून हातभर केला होता. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते.

घरी पेंटरने बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"म्हणजे मी इतकी वर्षं..." ती म्हणाली. "दूध उतू गेलं की..."

"हो."

"आणि तुम्ही मला बोलू दिलंत?"

ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की लग्नाच्या चव्वेचाळीस वर्षांत तिने त्याच्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. भाजीत अळी निघाली की ती तसं बघायची.

"क्लबात काय सांगता? मला काय सांगता?" ती म्हणाली. "ज्याचे दहा सेकंद होते, त्याला कधी सांगितलंत?"

हॉस्पिटलची लाँड्री इमारतीच्या मागच्या अंगाला, तळघरात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर तिथे उतरला. जिन्यातच गरम साबणाचा, फिनेलचा आणि त्यांच्या खालून न दबलेला माणसांच्या अंगाचा वास आला. भिंतीशी तीन मोठी मशिनं गरगरत होती. मध्ये लांबलचक लाकडी टेबल, त्यावर चादरींचे ढीग. आणि कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातलेला एक रुंद, पांढऱ्या केसांचा माणूस चादरी उलगडून डागाप्रमाणे वेगळ्या करत होता. रक्ताच्या एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे. रिंगणातल्यासारखा उजवा हात पुढे, डावा मागे. एकोणसाठ वर्षांचा डावऱ्या. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

"पेंटर?" त्याने ओळखलं. "इथे कुठे? कुणी आजारी आहे का?"

"नाही. तुझ्याकडेच आलोय."

डावऱ्याने हातमोजे काढले, नळाखाली हात धुतले, एक स्टूल पुढे सरकवलं. पेंटर बसला नाही. घरून येताना वाक्यं जुळवून आणली होती, ती त्या वासात कुठल्या कुठे गेली. त्याने पिशवीतून हातोडी काढली. तीच जुनी, दांड्याला रंगाचे ठिपके लागलेली.

"तुझी सहावी फेरी," तो म्हणाला. "मी लढत बघत होतो. लाकडाऐवजी घंटेवर मारली. पंच विचारायला आले तेव्हा काटा शून्यावर नेला आणि हो म्हणालो. मीच केलं. लाकूड वाजलं नव्हतं."

मशिनं गरगरत राहिली. डावऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्याला नीट ऐकू गेलं की नाही, हेही पेंटरला कळेना.

"किती उरले होते?" डावऱ्याने विचारलं.

"दहा."

"दहा म्हणजे किती?"

हा काय प्रश्न? पण डावऱ्या वाट बघत उभा होता. पेंटरने टेबलाच्या कडेची चादर बाजूला सारली, हातोडी उचलली आणि उघड्या लाकडावर तीन ठोके दिले. ठक्, ठक्, ठक्. मग तो मनात मोजू लागला. एक. दोन. चाळीस वर्षं मोजलेले सेकंद ते, एकही इकडचा तिकडे होणार नव्हता. तीनवर डावऱ्याची डावी मूठ आपोआप वळली. पाचवर त्याचा खांदा खाली आला. सातवर तो समोरच्या भिंतीकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. आठ संपतच नव्हते. नऊ. पेंटरने हातोडी वळवून मशीनच्या लोखंडी पाइपावर मारली.

डावऱ्याची मूठ सुटली. तो स्टुलावर बसला.

"एवढा वेळ होता?" तो म्हणाला.

"हो."

"एवढ्यात तर मी त्याला दोनदा पाडला असता."

"हो," पेंटर म्हणाला. त्याला वाटलं, आता हा शिव्या देईल. द्याव्यात, असंही वाटलं. एक लगावली तरी चालेल. तो तोंड पुढे करूनच उभा होता. शिव्या खाऊन, मार खाऊन, निदान आज रात्रीचं जेवण घशाखाली उतरेल, असा काहीसा हिशोब त्याच्या मनात होता. तो त्याचा त्यालाच कळला, आणि त्याला इतकी घाण वाटली की त्याने हातोडी मागे लपवली.

डावऱ्याने शिवी दिली नाही. तो आपले धुतलेले हात बघत होता.

"पहिली पाच-सहा वर्षं मी भांडायचो," तो म्हणाला. "लाकूड वाजलं नाही म्हणून. लोक हसायचे. मग वाटायला लागलं, एवढं सगळं गाव खोटं कसं बोलेल? वाजलंच असणार. मलाच ऐकू आलं नसणार. पोरीलाही तसंच सांगितलं मी. म्हटलं, चूक तुझ्या बापाचीच होती. मनाला बरं पडलं त्याने. झोप लागायला लागली."

एका मशीनचं काम संपलं. त्याची घंटा घणघणली. डावऱ्या उठला नाही. त्याने डाव्या हाताचं बोट डाव्या कानाशी नेलं.

"वर दुसऱ्या मजल्यावर कानाचे डॉक्टर बसतात," तो म्हणाला. "मी कान तपासून घेतला होता, पेंटर."